कॅनी म्हणावं ते लान्सला

विद्यापीठातला तो मास्तर टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या क्लबात आला, तेव्हा मी लान्स हेपलच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर कुणाला विचारलंत तर मी तिथे होतो हे कुणाला आठवायचं नाही.

मास्तर दक्षिणेकडचा. खाणी बंद पडतायत, म्हातारे मरतायत, त्यांच्याबरोबर डरहॅमकडची ही बोलीही जाईल, तेव्हा ती वेळेवर गोळा करून ठेवावी असं त्याचं काम. मशीन सुरू करून त्याने विचारलं, "तुम्ही मंडळी दर दुसऱ्या वाक्यात 'कॅनी' म्हणता. त्याचा नेमका अर्थ काय?"

क्लबाचा सेक्रेटरी मॅटी लोज म्हणाला, "सोपं आहे. कॅनी म्हणजे चांगला."

"नुसता चांगला नाही रे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "मायाळू."

"मग मघाशी दारातून येताना तूच म्हणालास ना, कॅनी गारठा पडलाय म्हणून? गारठा कधीपासून मायाळू झाला?"

"तिथे म्हणजे बऱ्यापैकी."

"आम्ही खाणीवर निघालो की आजी मागून ओरडायची, कॅनी जा रे! म्हणजे जपून."

"आणि माझ्या बायकोचं सूप कॅनी असतं."

"तुझ्या बायकोचं? तिथे कॅनी म्हणजे घशाखाली उतरतं, एवढंच."

सगळे हसले. मास्तर भराभर लिहून घेत होता आणि त्याचा चेहरा जास्तच गोंधळलेला दिसत होता. शेवटी मॅटी कंटाळला. लान्स त्या वेळी खुर्चीतून उठून जमिनीवर बसला होता आणि म्हाताऱ्या टॉटच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत होता. टॉट नव्वदीचा, त्याला वाकता येत नसे. मॅटीने तिकडे बोट दाखवलं. "शब्दबिब्द राहू द्या मास्तर. तो बघा. त्याला कॅनी म्हणतात."

मास्तरने लगेच माइक लान्सपुढे धरला. लान्स लाजून लाल झाला. "मला काय कळतंय शब्दांतलं? या सेपला विचारा. तो पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो."

मास्तर माझ्याकडे वळला आणि त्याची टेप संपली.

तो सेप मी. सेप्टिमस डॉब्सन, आईचं सातवं पोर. लान्स आणि मी एकाच गल्लीत, एकाच महिन्यात जन्मलो. आई सांगायची, हेपलांचं बाळ काय कॅनी, पाळण्यात ठेवलं की आढ्याकडे बघत पडून राहतं, आणि आमचं हे नुसतं भोकाड पसरतं. म्हणजे मला दात यायच्या आधीच हा शब्द त्याच्या नावावर लागला होता. मला दुसरे शब्द मिळाले. 'हुशार' मिळाला, 'कामाचा' मिळाला. 'सेपला विचारा, त्याला कळतं' हे तर शेकडो वेळा ऐकलं. कॅनी एकदाच मिळाला, तोही तिरक्या हसण्यासकट. 'सेप पैशाच्या बाबतीत फार कॅनी आहे.' म्हणजे चिक्कू. त्या संध्याकाळी मी बिअरचा ग्लास अर्धा टाकून घरी आलो.

हसा खुशाल. लोक दुसऱ्याच्या घरावर जळतात, नोकरीवर जळतात, बायकोवर जळतात. मी एका शब्दावर जळलो, आणि साठ वर्षं जळलो. बायकोचंही सांगतो. लग्नाआधी खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये नाच होता. नॅन्सी आधी लान्सबरोबर नाचली, मग माझ्याबरोबर. मी विचारलं, "लान्स कसा वाटला?"

"लान्स ना? कॅनी आहे."

"आणि मी?"

"तू?" तिने जरा विचार केला. "तू नाचतोस छान."

तिने लग्न माझ्याशी केलं, लान्सने विनीशी केलं, दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. सगळं व्यवस्थित झालं. तरी ते 'नाचतोस छान' माझ्या मनातून चौतीस वर्षांत गेलं नाही. चौतीस वर्षांत ती माझ्या चहाला, माझ्या बुटांना, आमच्या कुत्र्यालासुद्धा कॅनी म्हणाली.

खाणीतलं एक सांगायला हवं, नाहीतर माझ्यावर अन्याय होईल. अडतीस साली छत कोसळलं आणि माझा उजवा पाय दगडाखाली अडकला. बाकीच्यांना वर पाठवलं. लान्स मात्र माझ्याशेजारी पालथा पडून राहिला, चार तास, कधी पुन्हा कोसळेल याचा नेम नसताना. मला झोप लागू नये म्हणून तो गल्लीतल्या एकेका बाईच्या चालीची नक्कल तोंडाने करत होता. दगड हलवला, मी सुटलो. मी त्याचे उपकार मानतो. पण तेव्हापासून गावात ती गोष्ट जेव्हा जेव्हा सांगितली गेली, तेव्हा ती लान्सची गोष्ट होती. त्या गोष्टीत मी म्हणजे नुसता एक पाय. अडकलेला तो मी, दुखलेलं ते मला, आणि कॅनी कोण, तर लान्स.

मात्र लीकच्या बाबतीत मी त्याला सोडणार नव्हतो.

लीक म्हणजे कांद्याच्या जातीची, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी. आमच्याकडे ती बाजारातून आणून सुपात टाकायची असते ती बायकांसाठी. पुरुषांसाठी लीक म्हणजे सप्टेंबरचा शो. रेल्वेच्या रुळांमागे सगळ्यांचे बागेचे तुकडे, त्यात एकेक खोपटासारखी शेड, आणि वाफ्यात मांडीएवढे जाड, चुन्यासारखे पांढरे लीक. स्पर्धेला दोनाची जोडी ठेवायची. ज्याची जोडी मापाने भरीव तो पहिला. पण एक नियम असा, की बुडापासून ते पहिलं पान जिथे फुटतं त्या बेचक्यापर्यंत लांबी सहा इंचांच्या वर जाता कामा नये. केसभर जरी वर गेली तरी जोडी बाद, मग ती कितीही मोठी असो. दांडा पांढरा राहावा म्हणून त्याच्या गळ्याला काळा पट्टा बांधतात. त्या अंधारात लीक उजेड शोधत वर सरकतो. त्याला जाडी मिळेपर्यंत जमिनीत ठेवायचं आणि सहा इंच व्हायच्या आत उपटायचं, यात आमच्या गावातल्या पुरुषांची आयुष्यं गेली आहेत.

मी माझ्या पिंपात खत म्हणून काय कालवतो ते नॅन्सीलासुद्धा ठाऊक नव्हतं. शेडला दोन कुलपं होती. लान्सची शेड उघडी. कुणीही यावं, "लान्स, यंदा काय घालतोयस?" म्हणून विचारावं, आणि हा मेंढीच्या लेंड्यांपासून साखरेच्या चमच्यापर्यंत सगळं सांगून टाकणार. वर जाताना हातात रोपं देणार. अर्ध्या गावात त्याच्या बियाण्याचे लीक. आणि तरी सात वेळा पहिला तोच! मी नऊ वेळा दुसरा. त्याने लपवलं असतं, हातचं राखलं असतं, तर मला त्याला हरामखोर म्हणता तरी आलं असतं. ती सोयसुद्धा त्याने ठेवली नाही.

मास्तर येऊन गेला त्याच वर्षीची, चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. ऑगस्टच्या शेवटी लान्स आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याला धाप लागली होती. खाणीची धूळ आम्हा सगळ्यांच्या छातीत आहे, पण त्याच्या छातीत जरा जास्त होती.

"सेप, मला दवाखान्यात घेतायत. फुप्फुसात पाणी झालंय म्हणे."

"किती दिवस?"

"शो होईपर्यंत काही सोडत नाहीत." तो कुंपणाच्या फळीवर टेकला. "माझे दोन बघशील का रे?"

"मी? मॅटी आहे की. इतके जण आहेत."

"मॅटीला काय कळतंय? तो पाणी घालून घालून फोडून ठेवील. तुला कळतं." मग त्याने मला त्याच्या शेडमध्ये नेलं. खिळ्याला दोरीने वही टांगलेली होती. "रोज संध्याकाळी मोजायचं आणि इथे लिहायचं. आणि नीट ऐक. ही जात शेवटच्या आठवड्यात उंचीला पळते. पाच इंच सात सूत झालं ना, म्हणजे सहाला एकच सूत कमी, की त्याच दिवशी उपट. वार बघू नकोस. ओल्या गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये उभे ठेव, शनिवारपर्यंत त्यांना काही होत नाही."

"मला शिकवतोस?"

"नाही रे बाबा." तो हसला, मग खोकला, आणि खोकला थांबायला बराच वेळ लागला. "आजवरचे सगळ्यात चांगले आहेत. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. म्हणून म्हटलं."

तो गेल्यावर मी टेप काढून त्याच्या जोडीचा घेर मोजला. मग माझ्या जोडीचा मोजला. त्याची अर्धा इंच जास्त होती. मी दोनदा मोजलं.

दोन आठवडे मी दोन्ही बागा सांभाळल्या. खोटं सांगत नाही, मनापासून सांभाळल्या. गोगलगायी वेचल्या, दुपारचं ऊन लागू नये म्हणून पोती टांगली, त्याच्या पिंपातलं त्याच्याच मापाने घातलं. नॅन्सी डब्यात मटाराची चटणी लावलेला स्टॉटी पाव द्यायची आणि म्हणायची, "लान्सचे आधी कर हं." माझे आधी कर असं चौतीस वर्षांत कधी म्हणाली नाही. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. "लान्सचे कसे आहेत, सेप?" माझे कसे आहेत हे एकानेही विचारलं नाही! मी वाकून त्याचे लीक पुसायचो आणि आतल्या आत माझा संताप व्हायचा.

शो चौदा तारखेला, शनिवारी. त्याआधीच्या मंगळवारी संध्याकाळी मी पट्टी लावली. दोन्ही लीक पाच इंच सात सूत. खिळ्यावरची वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'मंगळवार, ५ इंच ७ सूत.' चाळीस वर्षं मी मोजलं की लिहितो. तो हाताचा धर्मच झाला आहे, त्यात डोकं नसतं. मग उपटायचा काटा हातात घेतला. आणि परत भिंतीला टेकवून ठेवला.

मी स्वतःला काय सांगितलं ते अगदी नीट आठवतं. म्हटलं, अजून एक सूत शिल्लक आहे. म्हटलं, चार दिवस ठेवले तर जाडी वाढेल, लान्सचंच भलं होईल. म्हटलं, दवाखान्यात पडून त्याला इथलं काय दिसतंय. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य मी लबाडीने बोलत होतो. बुधवारी पाणी घातलं, पट्टी लावली नाही. गुरुवारी पट्टीची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांना कळत होतं. शुक्रवारी दुपारी दोन्ही उपटले, धुतले, मऊ फडक्याने पुसले. सहा इंच एक सूत. मी त्यांना कसलीही इजा केली नव्हती. एक पान मोडलं नव्हतं. मी तीन दिवस काहीच केलं नव्हतं, बस्स.

शनिवारी क्लबाच्या हॉलमध्ये पांढऱ्या कागदावर जोड्या मांडल्या. स्टेजवर बक्षिसं रचलेली होती. पहिलं बक्षीस आख्खा बेडरूमचा संच, कपाट, आरसा, पलंगासकट. लान्सची जोडी मध्यावर, आणि तिच्याभोवती घोळका. विनी चांगला कोट घालून आली होती. "लान्सने सांगितलंय, मापाचा आकडा लिहून आण," ती मला म्हणाली आणि माझा दंड दाबला.

पंच नेहमीप्रमाणे परगावचा. त्याने लान्सच्या जोडीला लाकडी माप लावलं. काढलं. पुन्हा लावलं. दुसऱ्याला लावलं. मग खिशातून कार्ड काढून त्यावर एक शब्द लिहिला आणि लीकला टेकवून ठेवलं. 'नियमाबाहेर.' आमच्याकडे हे कार्ड म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. विनीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"एका सुताने!" मॅटी म्हणाला. "अरेरे. लान्स असता तर..." मग त्याला माझं भान आलं. "तुझी काही चूक नाही हं सेप. शेवटच्या दिवशी पळतात कधी कधी."

पहिला नंबर माझा आला.

मॅटी माइकवर गेला. "मंडळी, पहिला नंबर, सेप डॉब्सन. आणि एक सांगतो. या माणसाने दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आपल्याच प्रतिस्पर्ध्याचे लीक आपल्या हाताने सांभाळले. ते जिंकले असते तर हा हरला असता, हे माहीत असून. याला म्हणतात कॅनी माणूस!"

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. म्हातारा टॉट काठी आपटत होता. तो शब्द सरळ अर्थाने माझ्या नावाला लागलेला मी साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकला, तोही माइकवरून, आणि खोटं कशाला बोलू, मला गोड वाटला. घरी जाताना नॅन्सीने माझ्या हातात हात घातला. "तू कॅनी आहेस, सेप. मला कधी बोलता आलं नाही," ती म्हणाली. नाचाच्या त्या संध्याकाळनंतर मी याच वाक्याची वाट बघत होतो.

रविवारी सकाळी रिवाजाप्रमाणे शोचे सगळे लीक कापून क्लबात मोठ्या हंड्यांत सूप झालं, पहिल्या नंबराचे आणि बाद झालेले सगळे एकत्र. मी एक वाडगा खाल्ला. दुपारी नॅन्सी आणि मी दवाखान्यात गेलो. विनी आधीच येऊन बसली होती. लान्स उशांना टेकून होता, चेहरा राखेसारखा. आणि त्याच्या उशाशी, पाण्याच्या ग्लासाशेजारी, ती वही होती, दोरीसकट.

"सकाळी जाऊन शेडमधून घेऊन आले," विनी म्हणाली. "आकडे बघितल्याशिवाय याला चैन कुठलं."

मंगळवारचं मी लिहिलेलं मला त्या क्षणी आठवलं. त्याच्या खाली बुधवार कोरा, गुरुवार कोरा, आणि मग 'शुक्रवार, उपटले.' कुठल्याही लीकवाल्याने ते पान बघितलं तर त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. मी पलंगाच्या कडेला टोपी कुस्करत उभा राहिलो.

"बस ना," लान्स म्हणाला. "सूप कसं झालं होतं?"

"बरं होतं."

"बरं? माझे दोन होते त्यात, आणि नुसतं बरं?" तो हसला. मग नॅन्सीकडे बघून म्हणाला, "नॅन्सी, तुझा नवरा कॅनी आहे हं. रोज दोन फेऱ्या, तेही त्या पायाने. हे मी विसरायचो नाही."

"तेच मी काल म्हटलं याला," नॅन्सी म्हणाली.

मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. टोमणा नव्हता. मला वाटलं, याने अजून वही उघडलेली नाही. सुटलो असं वाटून मी घरी आलो, आणि वाटेत पुन्हा तो शब्द चघळला. लान्स हेपलच्या तोंडून! आता बाकी काय राहिलं?

नोव्हेंबरात लान्स गेला. चॅपेलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. धर्मोपदेशकाने भाषणात त्याला अकरा वेळा कॅनी म्हटलं. मी मोजलं. माणूस पेटीत पडला होता आणि मी मोजत होतो, यावरून काय ते समजा.

मार्चमध्ये विनी आमच्या दाराशी आली. एका हातात चार कुंड्यांचा ट्रे, त्यात लान्सच्या जातीची चार टणक रोपं. काखेत वही. "त्याने लिहून ठेवलंय बघ, तुला द्यायची म्हणून. वही पण घे. मला त्या आकड्यांतलं काय कळतंय?"

ट्रे घेऊन मी शेडमध्ये गेलो, आतून कडी लावली आणि शेवटचं पान उघडलं. माझे आकडे होते. त्यांच्याखाली लान्सची पेन्सिल होती, दवाखान्यातली, अक्षर थरथरलेलं. 'रविवार, सकाळ. मंगळवारीच उपटायला हवे होते.' त्याखाली, 'दुपारी सेप-नॅन्सी येणार आहेत.' आणि त्याखाली, 'मार्चमध्ये सेपला चार रोपं. चांगली बघून.'

म्हणजे आम्ही जाण्याआधीच त्याने सगळं वाचलं होतं. त्याला कळलं होतं, आणि मग तो नॅन्सीसमोर ते वाक्य बोलला होता.

मला रडू यायला हवं होतं. मी त्या चार रोपांकडे बघत बसलो आणि मला आधी राग आला. इतका कसा चांगला असतो एखादा? चार शिव्या दिल्या असत्या, तर आमचा हिशेब मिटला असता. त्याने तेवढंही माझ्यासाठी ठेवलं नाही. रडू नंतर आलं.

वही मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि आठवडाभर तशीच घेऊन फिरलो. घरात नॅन्सीला आता त्या शब्दाची सवय लागली होती. "माझ्या कॅनी माणसा, कोळसा आण जरा." "कॅनी, चहा घेतोस?" मी कोळसा आणायचो, चहा घ्यायचो, आणि प्रत्येक वेळी वही बरगडीला लागायची.

मग परवा तो मास्तर पुन्हा आला, नव्या टेपा घेऊन. मॅटीला म्हणाला, "मागच्या वेळी ज्यांना दाखवलंत ते कुठे आहेत?"

"तो गेला बिचारा," मॅटी म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "पण हा आहे ना. त्याच्याच जातीचा."

मास्तरने माइक माझ्यापुढे धरला. टेप फिरत होती, या वेळी संपायला बराच अवकाश होता. मी माइक बाजूला सारला. टोपी घेतली आणि घरी आलो.

नॅन्सी बटाटे सोलत होती. मी वही तिच्यापुढे ठेवली, शेवटचं पान उघडून. "वाच."

"ही लान्सची ना?" तिने हात पुसले, चष्मा लावला. ती चौतीस वर्षं लीकवाल्याची बायको आहे, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. मंगळवारवर तिचं बोट थांबलं. कोऱ्या ओळींवरून सावकाश खाली गेलं. लान्सच्या अक्षरापाशी ती बराच वेळ थांबली. मी बाहेर बागेत निघून जाऊ शकलो असतो. गेलो नाही, समोर बसून राहिलो.

"त्याने हे आपण जायच्या आधी वाचलं होतं?"

"हो."

"आणि तरी मला म्हणाला, तुझा नवरा..."

"हो."

तिने चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं नाही, वहीकडेच बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"काय कॅनी माणूस होता गं बाई," ती म्हणाली.

आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या पोटात दुखलं.